सहीची चिठ्ठी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे श्यामकांत देवस्थळींनी, आयुष्यात कुणालाही तोंडावर लबाड म्हटलेलं नाही. त्यांना ती गरजच पडत नाही. ते चिठ्ठी लावतात.

चिठ्ठी म्हणजे बोटभर लांबीचा पांढरा कागद. त्यावर तारीख, 'श्या. ग. देवस्थळी' अशी टपोरी अक्षरं, खाली सही आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी. दिल्लीत मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये गीझरच्या झाकणाखाली, फ्रिजच्या पाठीमागे, पाण्याच्या फिल्टरच्या पोटात अशा चिठ्ठ्या आहेत. दुरुस्तीला आलेल्या माणसानं आतला चांगला भाग काढून जुना बसवला, तर लगेच कळावं म्हणून. ताईचं ब्लाउजपीस शिंप्याकडे जातं तेही काठाच्या आतून सही होऊन. एकदा ताईनं माझ्याबरोबर पुरणपोळ्यांचा डबा दिला, तर डब्याच्या बुडाला चिठ्ठी. "भावोजी, मी काय डबा बदलणार होते?" मी विचारलं. "तू नाही गं," ते शांतपणे म्हणाले, "पण डबे बदलतात."

मी उल्का. आर. के. पुरमच्या एका सरकारी कचेरीत अनुवादाचं काम करते, आणि ताईच्याच सोसायटीत, दोन इमारती पलीकडे राहते. त्यामुळे या माणसाचा मला गेली पंचवीस वर्षं जवळून अनुभव आहे. तो सोसला आहे असं म्हटलं तरी चालेल.

मुळात ते असे नव्हते, असं ताई म्हणते. सरकार जो माल विकत घेतं त्याची तपासणी करायचं त्यांचं खातं. दोर, बूट, किटल्या, घोंगड्या. हजारांतून एक नमुना काढायचा, शितावरून भाताची परीक्षा करायची आणि पास की नापास ते लिहायचं. नोकरीच्या चौथ्या वर्षी त्यांनी पास केलेलं नमुन्याचं ब्लँकेट कुणीतरी कपाटातून काढलं आणि तिथे भलतंच विरविरीत ठेवलं. चौकशी लागली. दोन वर्षं रोज ऑफिसला जायचं आणि कुणीही नीट बोलायचं नाही. शेवटी निर्दोष सुटले, पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. भावोजी त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. २०१६च्या उन्हाळ्यात मात्र मला हसू येईना.

वृंदाताईला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. नाव मोठं, पण रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की, तिला ऊन सोसत नाही. अंग जरा तापलं की पाय ऐकेनासे होतात, नजर धूसर होते, बोटांतून चमचा गळतो. पुन्हा गारव्यात आणलं की अर्ध्यापाऊण तासात ती होती तशी. थंडीत ती काठी टेकत बाजारात जाते. एप्रिल लागला की तिचं जग म्हणजे दोन खोल्या आणि भिंतीवरचा एसी.

त्यातून बाहेर पडायची एकच वाट होती. दर शनिवारी दुपारी चार वाजता आर. के. पुरमच्या समाजमंदिरात ती मराठीचा वर्ग घ्यायची. तिथल्या सरकारी वसाहतीतली चौदा मुलं. घरी आई-बाबांशी मराठी, पण खाली खेळायला गेली की हिंदी, आणि शाळेत इंग्रजी. 'उंबरठा' म्हणजे काय, असं विचारलं तर एक पोरगी म्हणाली होती, "दरवाजे का नीचेवाला." ताई त्यावर आठवडाभर हसत होती. कपाळावर आठ्या न घालता शिकवते, म्हणून मुलांना ती आवडायची. आणि त्या दीड तासापुरती ती कुणाची रुग्ण नसायची, हे तिला आवडायचं.

तिथवर न्यायचं ते भावोजींच्या चंदेरी रंगाच्या छोट्या गाडीनं. गाडीचा एसी चालला तर ताई शनिवारी बाहेर, नाही चालला तर ताई घरात. हिशेब इतका सोपा होता. भावोजींनी गाडीतल्या आपल्या बाजूच्या दोन्ही झडपा कायमच्या बंद करून ठेवल्या होत्या. सगळा गार वारा तिच्याकडे. स्वतः घामानं निथळत गाडी चालवायचे. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी जे बोलले ते ऐकून तुमचं मत बिघडेल.

मार्चमध्ये गाडी सर्व्हिसिंगला द्यायची होती. आदल्या रविवारी भावोजी सकाळी आठला खाली उतरले ते बारालाच वर आले. गाडीच्या बॉनेटखाली, सीटखाली आणि समोरच्या खणाच्या आत हात पोचेल तिथवर त्यांनी अकरा चिठ्ठ्या लावल्या होत्या. काही भाग तर काढून, त्यांना चिठ्ठी गुंडाळून परत बसवले होते. अकरा जागांची यादी वहीत. गाडी सर्व्हिसिंगहून आली, तर अकराच्या अकरा चिठ्ठ्या जागच्या जागी. दुसरा कुणी असता तर त्याला बरं वाटलं असतं. भावोजी मात्र दोन दिवस वही चाळत होते. "एकही हलली नाही," ते म्हणाले, "म्हणजे त्यांनी ओळखलं होतं."

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ताई मोतीबागेच्या उड्डाणपुलावर म्हणाली, "अहो, वारा येत नाहीये."

मी मागे बसले होते. भावोजींनी तिच्या समोरच्या झडपेत एक छोटा थर्मामीटर खोचून ठेवलेला असतो. त्यांनी तो बघितला. "सात अंश आहे," ते म्हणाले.

"असेल. पण येत नाहीये."

"सात म्हणजे उत्तम. बाहेर त्रेचाळीस आहे, वृंदा."

पुढच्या शनिवारी तेच. मयूर विहारपासून निघताना गाडी मस्त गार, आश्रम चौकापर्यंत ठीक, आणि मोतीबाग आलं की ताईचं तेच वाक्य. भावोजींचंही तेच. सात अंश. गाडीत उकडायला लागलंय हे मलाही कळत होतं, पण थर्मामीटरकडे बघितलं की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं.

त्याच्या पुढच्या शनिवारी समाजमंदिरापाशी गाडी थांबली आणि ताईला दार उघडता येईना. हात दाराच्या कडीवरून घसरत होता. पाय तर लाकडाचे झाले होते. दोन मुलांचे वडील धावत आले, त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला उचलून आत नेलं. चौदा मुलं व्हरांड्यात ओळीनं उभी राहून बघत होती. कूलरसमोर अर्धा तास बसल्यावर तिनं वर्ग घेतलाच, पण त्या दिवशी ती एकदाही हसली नाही.

परतताना एसी फक्कड चालला. रस्ता मोकळा होता, पस्तीस मिनिटांत घरी.

त्या संध्याकाळी ताई झोपल्यावर भावोजी स्वयंपाकघरात आले. मी चहा करत होते. "उल्का," ते हळूच म्हणाले, "तिला गार-गरम नीट कळतं का गं हल्ली? डॉक्टर म्हणाले होते ना, संवेदना कमी होऊ शकतात. मी रोज सकाळी खाली जाऊन दहा मिनिटं एसी लावून बघतो. सहा, सात. एकदाही वर नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "म्हणजे ताई खोटं बोलते?"

"खोटं म्हटलं का मी? यंत्र एक सांगतं, ती एक सांगते. मला दोन्ही बाजू बघायला नकोत?"

जिच्याबरोबर अडतीस वर्षं संसार केला ती बाई आणि चायनीज थर्मामीटर, या दोन बाजू! मी चहा तसाच टाकून घरी निघून आले.

तरी ते गप्प बसले नाहीत. सर्व्हिसिंगवाल्यांकडे गेले. तिथल्या टाय घातलेल्या तरुणानं पाच मिनिटं एसी लावला आणि "सर, बिल्कुल ओके" म्हणून हात जोडले. मग लक्ष्मीनगरच्या एका दुकानात गेले. तिथल्या माणसानं बॉनेट उघडायच्या आधीच "गैस कम है" असं सांगून टाकलं. भावोजींनी मीटर लावायला लावलं, काटा स्वतः वाचला, नळी जोडण्याआधी गॅसच्या डब्यावरची तारीख वाचली. गॅस भरला. शनिवारी मोतीबागेला वारा बंद. तिसऱ्यानं सांगितलं, "कंप्रेसर गया." भावोजींनी त्याला उलटतपासणीला घेतलं. गेला म्हणजे कसा, कधीपासून, गेला असेल तर सकाळी सात अंश कुठून येतात? शेवटी तो पान्हा खाली ठेवून म्हणाला, "आप सीबीआई से हैं क्या? गाड़ी उठाइए." कारण भावोजी त्याच्या डोक्यावर उभं राहून मोबाइलवर फोटो काढत होते.

घरी येऊन त्यांनी सगळ्या दिसणाऱ्या चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या. सगळ्या शाबूत. "काहीतरी नेलंय त्यांनी मार्चमध्ये," ते ताईला सांगत होते, "चिठ्ठी न हलवता नेलंय. सर्व्हिसिंगनंतरच सुरू झालं ना हे?" ताईनं नुसती कूस बदलली.

मेच्या पहिल्या आठवड्यात वर्गाची व्यवस्था बघणाऱ्या भालचंद्र मोघ्यांचा फोन आला. माणूस सज्जन. फार आढेवेढे घेत म्हणाले, "वृंदाताई, मुलांच्या आयांना काळजी वाटते हो. त्या दिवशी पोरं घाबरली. आपण उन्हाळाभर बंद ठेवूया का? जूनचा छोटा कार्यक्रमही राहू द्या. पुढचं पुढे बघू."

"चालेल," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढचं पुढे म्हणजे काय ते मला कळतं, उल्का. या आजारात एकदा बसलं की बसलं. दहा दिवस देते. तोवर गाडी नीट झाली तर मोघ्यांना कळवीन. नाहीतर मी आता पुन्हा विचारणार नाही."

ती रडली असती तर बरं झालं असतं. मी खाली गेले. भावोजी गाडीतच बसले होते, मांडीवर वही. मी दार उघडलं आणि मनात साचलेलं सगळं बोलून टाकलं. "तुम्हाला ती घरात बसलेलीच हवी आहे. तीन गॅरेजमधून भांडून परत येता. एकालाही काम पुरं करू देत नाही. ती बाहेर गेली नाही की तुमची काळजी संपते, असंच ना?"

त्यांचा चेहरा असा झाला की, तसा मी त्याआधी पाहिला नव्हता. वही मिटून म्हणाले, "असं वाटतं तुला?" मी हो म्हटलं. संशयाच्या बाबतीत मी त्यांना मागे टाकलं होतं, पण तेव्हा मला ते न्यायाचं वाटत होतं.

सतबीरचं नाव आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर विष्णू यानं सांगितलं. गाझियाबादला, स्पेअर पार्ट्सच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत. फक्त गाड्यांचे एसी करतो. मी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "जिनको तकलीफ़ होती है, वो साथ आएँगी. और दोपहर में आना. सुबह की गाड़ी मैं देखता ही नहीं."

भावोजींनी हे ऐकलं मात्र, त्यांचे डोळे बारीक झाले. "गाझियाबाद? चोरीचे पार्ट तिथूनच तर येतात. आणि आजारी माणसाला भर दुपारी कशाला बोलावतो? आपण तिच्यात गुंतलेले असणार, याचे हात मोकळे." खरं सांगायचं तर ती शंका मलाही चाटून गेली. पण ताई म्हणाली, "मी जाणार." दहातले सहा दिवस संपले होते.

मंगळवारी आम्ही तिघं निघालो. ताईच्या गळ्याभोवती ओला टॉवेल, मांडीवर बर्फाच्या पिशव्या. भावोजींनी आदल्या दिवशी गाडीला आणखी पाच चिठ्ठ्या लावल्या होत्या.

सतबीर पन्नाशीचा, काळासावळा, दाढीचे खुंट वाढलेला. टपरीवजा दुकान, वर पत्रा. त्यानं बॉनेटला हातही लावला नाही. ताईच्या खिडकीशी वाकून त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "बहनजी, ये बताओ, हवा गरम आती है, या हवा आती ही नहीं?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. पाच आठवड्यांत तिला कुणी हे विचारलं नव्हतं. तीन गॅरेजवाल्यांनी नाही, आम्हीही नाही. "आती ही नहीं," ती म्हणाली. "धीरे-धीरे कम होती है. फिर बंद."

"कितनी देर में?"

"चालीस मिनट."

"और खड़ी कर दो थोड़ी देर, तो फिर ठीक?"

"हाँ. बिल्कुल ठीक."

"हम्म," सतबीर म्हणाला आणि चावीसाठी हात पुढे केला. "घंटा भर चलाऊँगा. आप सब बैठो."

चावी द्यायला भावोजींना किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. शेवटी ते पुढे त्याच्या शेजारी बसले, कारण त्याच्या हातांवर नजर हवी. ताई आणि मी मागे. सतबीरनं भावोजींनी बंद करून ठेवलेल्या झडपा उघडल्या, वाऱ्याचा रोख मागे ताईकडे वळवला आणि खिशातून रिळाचा दोरा काढून त्याचा एक तुकडा एका झडपेला बांधला. दोरा फडफडत आडवा उडायला लागला. गाडी हमरस्त्याला लागली.

वीस मिनिटं झाली. पंचवीस. भावोजी रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. हा आपल्याला नेतोय कुठे, ही शंका त्यांच्या मानेवरूनसुद्धा कळत होती. मी फोन हातात धरून विष्णूचा नंबर काढून ठेवला होता. पस्तिसाव्या मिनिटाला दोरा खाली झुकायला लागला. चाळीस झाली तेव्हा तो सरळ खाली लोंबत होता. गाडी भट्टीसारखी तापली. ताईनं डोळे मिटले.

भावोजींनी थर्मामीटर उपसून सतबीरच्या नाकासमोर धरला. "पाँच डिग्री! देखो! पाँच!"

"पाँच ही होगा, बाबूजी," तो म्हणाला. "ये ठंडक नापता है. हवा तो नहीं नापता ना." आणि त्यानं बोटानं लोंबणारा दोरा दाखवला.

भावोजी दोऱ्याकडे बघत राहिले. थर्मामीटर हळूहळू खाली आला.

सतबीरनं एसी बंद केला, नुसता पंखा चालू ठेवला आणि एका कडुलिंबाखाली गाडी उभी केली. आधी मला खुणेनं ताईकडे बघायला सांगितलं. मी तिच्या मानेवर बर्फ धरला. मग तो खाली वाकून म्हणाला, "इधर आओ." गाडीच्या पोटाखालून पाण्याची धार लागली होती. थेंब नाही, धार. डबकं साचलं.

"बरफ़ है," तो म्हणाला. आत जी गारवा देणारी जाळी असते तिच्यावर बर्फ चढतो. बर्फाची भिंत झाली की मागून वारा यायला जागा नाही. वारा येत नाही, पण जो काय थोडाफार येतो तो थंडगार. गाडी उभी केली की बर्फ वितळतो, आणि मेकॅनिककडे पोचेपर्यंत सगळं ठीक. सकाळी दहा मिनिटांत तर बर्फ जमतच नाही. कुणालाच दोष दिसला नाही, कारण कुणी चाळीस मिनिटं बसलंच नव्हतं. बसली होती ती फक्त ताई.

"जमती क्यों है?" भावोजींनी विचारलं.

"जाली के अंदर एक तीली रहती है. ज़्यादा ठंड हुई तो वो कंप्रेसर को बोलती है, भाई, रुक जा. आपकी वाली बोल नहीं रही." त्यानं समोरचा खण उघडून बाहेर काढला, आत कोपरापर्यंत हात घातला आणि वायरच्या टोकाला असलेली पेन्सिलीच्या शिसाएवढी काडी ओढून काढली.

काडीला काहीतरी गुंडाळलेलं होतं. पांढरं, वर चिकटपट्टी, ओलावा धरून पिवळं पडलेलं.

सतबीरनं नखानं टोक उचकटलं. "ले! किसी अनाड़ी ने काग़ज़ लपेट दिया. ऊपर से टेप. रज़ाई ओढ़ा के पूछ रहे हैं, ठंड लगी क्या? ये कैसे बोलेगी?" त्यानं कागद उलगडून उन्हात धरला. "नाम भी लिखा है साले ने. तेरह मार्च. श्या... ग... देव... आगे का पढ़ा नहीं जाता. सर्विसवाला होगा. इसको छोड़ना मत, बाबूजी. सबूत है आपके हाथ में."

त्याला भावोजींचं नाव माहीत नव्हतं. फोन मी केला होता, आणि तो त्यांना बाबूजीच म्हणत होता.

मी भावोजींकडे बघितलं आणि, आता सांगायला लाज वाटते, मला खात्री होती की ते मान डोलावतील. किती सोपं होतं! सर्व्हिसिंगवाल्यांवर ढकलायचं आणि कागद खिशात टाकायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, तर संन्यासी तिथे हजरही नव्हता. गाडीची खिडकी उघडी होती आणि ताई आतून ऐकत होती.

"वो मैं हूँ," भावोजी म्हणाले.

"जी?"

"ये मेरा नाम है. मैंने लगाया. पार्ट कोई बदल न दे, इसलिए."

सतबीर हसला नाही. त्यानं एकदा कागदाकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं, शर्टाच्या टोकानं काडी पुसली आणि परत जाळीत खोचली. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. मग कागद त्यांच्या हातात देऊन म्हणाला, "हो जाता है, बाबूजी. सब लोग डरते हैं. हम भी डरते हैं, आप जैसे साहब लोग आते हैं तब."

भावोजी खिडकीशी गेले. ताईनं डोळे उघडले होते. "पाच आठवडे तू सांगत होतीस," ते म्हणाले, "आणि मी सात अंश, सात अंश करत बसलो."

"हो," ताई म्हणाली.

तिनं त्यात काही मिसळलं नाही. जाऊ दे म्हणाली नाही, चालायचंच म्हणाली नाही. भावोजी तसेच उन्हात उभे राहिले, हातात ती ओली चिठ्ठी. मला वाटतं, नोकरीतली चौकशीची दोन वर्षंही त्यांना त्या मिनिटाएवढी जड गेली नसतील.

सतबीरनं पुन्हा तासभर गाडी चालवली. दोरा शेवटपर्यंत आडवा उडत राहिला. गाझियाबाद मागे पडल्यावर ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "मोघ्यांना फोन लाव. सांग, शनिवारी येतेय. मुलांना काखेत कळसा आणि गावाला वळसा शिकवायचंय." भावोजींच्या मानेवर लाली चढली. मीही त्यांची माफी मागायला हवी होती. खाली गाडीपाशी जे बोलले ते परत घ्यायला हवं होतं. घरी पोचल्यावर मागू, असं ठरवलं, आणि घरी पोचल्यावर त्यांच्यासाठी चहा केला. तेवढंच जमलं मला.

शनिवारी त्रेचाळीस अंश होतं. ताईनं गुलबक्षी रंगाची साडी नेसली होती. निघताना मी बघितलं, थर्मामीटर होता तिथेच होता. एवढ्यात सवय जात नाही. गाडी गार होती. आश्रम गेलं, पुढची गर्दी गेली, आणि मोतीबागेच्या उड्डाणपुलावर चढताचढता ताई म्हणाली, "अहो, वारा येत नाहीये."

माझ्या गालाला तर वारा लागत होता. मी थर्मामीटर बघायला मान पुढे काढली.

भावोजींनी तो बघितला नाही. त्यांनी उजवीकडे बघितलं नाही, डावीकडे बघितलं नाही, सरळ इंडिकेटर लावून पुलावरच गाडी कडेला घेतली. मागून बसवाला हॉर्न बडवायला लागला. एक स्कूटरवाला शिवी देऊन गेला. भावोजींनी हातानं आपल्या अंगावरचा पट्टा सोडवला, तिच्या बाजूला वाकले आणि टॉवेल ओला करायला बाटलीचं झाकण उघडू लागले. पाणी त्यांच्याच पँटवर सांडलं.

"उल्का, बर्फ काढ," ते म्हणाले. "वृंदा, डोळे मिटू नकोस. मी आहे. आपण परत सतबीरकडे जाऊ, आत्ता जाऊ."

ताई त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली, झाकण लावलं, आणि त्यांचा तळहात धरून झडपेसमोर नेला. वारा जोरात होता. त्यांच्या मनगटावरचे पांढरे केस उडत होते.

"येतोय," ती म्हणाली. "चला आता, मुलं वाट बघत असतील."

भावोजींनी पट्टा लावला. आधी असं का म्हणालीस, ते त्यांनी विचारलं नाही. आम्ही चारला पाच मिनिटं असताना पोचलो, आणि ताई काठी टेकत आपली आपण आत गेली.